काकूंना विचारा : बोकडाचं मटण आणायचं कुठनं?

मागच्या अंकात पांढऱ्या रश्श्याची कृती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत रश्श्याबद्दल फारसं कुणी विचारलेलंच नाही. देश वेगळे, गावं वेगळी, प्रश्न एकच : काकू, कृती झकास आहे, पण बोकडाचं मटण आणायचं कुठनं? म्हणून या खेपेचं सदर सगळं मटणावर. शाकाहारी मंडळींनी पान उलटावं. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी भरली वांगी आहेत.

*

प्रश्न : काकू, आम्ही अलीकडेच पुण्याहून कोलंबस, इंडियाना इथं आलो. नवरा कमिन्समध्ये आहे. गाव शांत, घरं छान, पण दुकानात मटण म्हणून मिळतं ते लॅम्ब, म्हणजे मेंढीचं कोकरू, न्यूझीलंडचं, चकचकीत पाकिटातलं. आणलं तर मुलांनी ताट बाजूला सारलं. इंडियन ग्रोसरीच्या फ्रीझरमध्ये बोकडाचं पाकीट मिळालं, त्यात निम्मी हाडं आणि वर बर्फाचा थर. मे महिन्यात सासू-सासरे येतायत. सासरे साताऱ्याचे. रविवारी मटण नसलं तर त्यांचं पेपर वाचण्यातही लक्ष लागत नाही. काय करू?
— कोलंबसची सून

उत्तर : सूनबाई, आधी त्या ग्रोसरीचा नाद सोडा. अशी दुकानं चालवणाऱ्या पुष्कळांच्या स्वतःच्या घरात मटण शिजत नाही. त्यांचा जीव तांदूळ, पीठ, डाळीत. मटणाचा फ्रीझर गिऱ्हाईक मागतं म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि त्यातलं पाकीट कधीचं आहे हे त्यांनाही सांगता येत नाही.

विचार असा करा, की आपल्याशिवाय इथं बोकड खातं कोण? मेक्सिकन खातात, जमैकन खातात, सोमाली खातात, नेपाळी तर दसऱ्याला बोकडाशिवाय राहत नाहीत. नायजेरियन, येमेनी, ग्रीक, बर्मी, सगळे खातात. आपण शोधायचं ते त्यांचं दुकान. तुमच्यापासून इंडियानापोलिस पाऊण तासावर. त्या शहराच्या दक्षिण भागात बर्मामधून आलेल्या चिन लोकांची मोठी वस्ती आहे, मेक्सिकन दुकानं जागोजाग आहेत आणि हलाल खाटीकही आहेत. या तिघांपैकी एकाकडं तुमचं काम होणारच.

मेक्सिकन खाटकाच्या दुकानावर ‘कार्निसेरिया’ अशी पाटी असते. आत जाऊन ‘चिवो’ विचारा. चिवो म्हणजे मोठा बोकड, त्याची मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांताकडची बिर्रिया, म्हणजे तिकडचा मसालेदार मटणाचा रस्सा, प्रसिद्ध आहे. ती शनिवार-रविवारी होते, म्हणून माल गुरुवार-शुक्रवारी येतो. ‘काब्रितो’ म्हणजे दूधपितं करडू. ते महाग, आणि आपल्या रश्श्यात त्याचा काही उपयोग नाही, विरघळून जातं. नेपाळी दुकानात ‘खसी’ म्हणा, खच्ची केलेला बोकड. माझ्या मते परदेशात आपल्याला मिळू शकणारं सगळ्यात चांगलं मटण तेच. जमैकन दुकानात नुसतं ‘करी गोट’ म्हणालात की पुढं काही सांगावं लागत नाही. १८४५ पासून मळ्यांवर मजुरी करायला गेलेल्या हिंदुस्थानी माणसांनीच हा पदार्थ तिकडं रुजवला. तुकडे कसे करायचे हे त्यांना आपल्याइतकंच कळतं.

तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या देशात एवढी वणवण का? अहो, सगळ्या अमेरिकेत मिळून शेळ्या-बोकडं पंचवीस लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत एक कोटीच्या वर निघाली. इथल्या पंचवीस लाखांतही कित्येक दुधाच्या. खाण्याच्या बोकडांचं मुख्य राज्य म्हणजे टेक्सास. तिकडं पूर्वी अंगोरा शेळ्या मोहेर लोकरीसाठी पाळायचे. त्या लोकरीवरचं सरकारी अनुदान १९९० च्या दशकाच्या मध्यात संपलं, आणि त्याच सुमाराला, १९९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेची बोअर जात इथं आली. पांढरं अंग, तांबूस डोकं, लोंबते कान, अंगानं भरलेली. शेतकरी मटणाकडं वळले ते तेव्हापासून. म्हणजे धंदा अजून कालपरवाचा. शिवाय बोकडाचं धड लहान, कापायला मेहनत तेवढीच. मोठ्या कत्तलखान्यांना ते परवडत नाही आणि सुपरमार्केटला एकसारखे खोके हवे असतात. मग ती गरज ऑस्ट्रेलिया भागवते. बोकडाचं मांस परदेशी पाठवण्यात जगात पहिला नंबर त्यांचा, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तुमच्या फ्रीझरमधलं ते पाकीट बहुधा तिकडचंच. त्यांची बरीचशी बोकडं माळरानावर मोकाट वाढलेली, गोळा करून आणलेली. एका खोक्यात सहा महिन्यांचं कोवळं आणि चार वर्षांचं निबर शेजारी-शेजारी येतं. एका वेळी मऊ झालं आणि दुसऱ्या वेळी रबर, असं होतं ते त्यामुळं. तुमच्या हाताचा काही दोष नाही.

आता दुकानात जाण्याआधी फोन करा. ‘गोट आहे का’ एवढंच विचारू नका, हो म्हणून मोकळे होतील. विचारा : ताजं की फ्रोझन? कोणत्या दिवशी येतं? अख्खं टांगलेलं असतं की खोक्यातून तुकडे येतात? टांगलेलं असेल तर धडाचं वजन किती? हा शेवटचा प्रश्न ऐकला की समोरचा सावध होतो, बाई जाणकार आहे हे त्याला कळतं. पंचवीस ते पस्तीस पाउंडांचं धड, म्हणजे अकरा ते सोळा किलो, घ्यावं. पन्नास पाउंडांच्या वर गेलं की ते म्हातारं समजा. ‘भरपूर मांस आहे’ म्हणून तो गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका.

दुकानात गेल्यावर रंग बघा. कोवळ्याचा रंग गुलाबीकडं झुकणारा, जुन्याचा काळपट तांबडा. चरबी पांढरी हवी, पिवळट नको. बोटानं दाबा, मांस वर आलं पाहिजे. हाताला चिकट लागलं तर काही न बोलता बाहेर पडा.

आणि आता करवत. आपला खाटीक लाकडी ठोकळ्यावर सत्तूर घालतो. त्याला सांधा कुठं आहे ते माहीत असतं, हाड एका घावात तुटतं. इथं बऱ्याच ठिकाणी गोठलेलं धड विजेच्या उभ्या करवतीवर सरकवतात. घर्रर्र आवाज, आणि दोन मिनिटांत सगळ्याचे चौकोनी तुकडे. मांडी, सीना, मान, सगळं एकसारखं. करवतीनं हाडाचा भुगा उडतो आणि मांसाला पिठासारखा चिकटून बसतो. तो धुतला नाही तर रस्सा करकरीत लागतो, दाताखाली वाळू आल्यासारखा. म्हणून दुकानदाराला विचारा, हातानं तोडून देता का? नाही म्हणाला तर निदान पुढचा फरा आणि मांडी अख्खी घ्या, मांस घरी सोडवा, आणि नळ्या, सीना, मान तेवढी करवतीवर करून घ्या. घरी आणल्यावर एकेक तुकडा नळाखाली धरून बोटानं चोळा. पातेल्यात ओतून खळबळलं की झालं, असं समजू नका, भुगा तसा जात नाही.

इथं ‘सीना-चाप मिक्स, दोन नळ्या घाला’ म्हणून भागत नाही. शोल्डर, नेक, रिब्ज आणि शँक असं सांगा. रश्श्याला मान आणि सीना, सुक्याला फरा. नुसती मांडी घेऊन येणारे लोक मला कधी कळले नाहीत. दिसायला छान, चवीला कोरडी.

सासरे येण्याआधी अर्धं बोकड घेऊन ठेवा. एका वेळेला लागेल तेवढ्या पिशव्या करा, हवा काढून बंद करा, वर तारीख घाला. नीट बांधलेलं सहा-सात महिने चवीला उतरत नाही. एक मात्र बघा : बकरी ईद आणि ईस्टरच्या आसपास सगळ्यांची मागणी एकदम येते, भाव चढतो आणि चांगला माल आधीच बोललेला असतो. मे महिन्याची खरेदी तारखा बघून करा. एरवी भाव गावागणिक वेगळा, पाउंडाला दहा डॉलरच्या आगेमागे धरा. फारच स्वस्त सांगितलं तर ते काय आहे ते नीट बघून घ्या.

*

प्रश्न : मटण मिळतं, पण त्याला उग्र वास येतो. व्हिनेगरनं धुतलं, लिंबू लावलं, दह्यात ठेवलं, उपयोग नाही. शिवाय विजेच्या कुकरला शिट्टीच नाही, मग किती वेळ लावायचा?
— कोल्हापूरकर, मिनेसोटा

उत्तर : वास व्हिनेगरनं जात नाही. वास आला तो बोकड निवडतानाच. खच्ची न केलेला मोठा बोकड माजावर आला की त्याच्या शिंगांमागच्या ग्रंथींना वास सुटतो, आणि हे महाशय स्वतःच्या दाढीवर मुततात ते वेगळंच. थंड देशांत माजाचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत. त्या दिवसांत कापलेल्या मोठ्या बोकडाला वास येणारच. खाटकाला ‘वेदर’ मागा, म्हणजे खच्ची केलेला, नाहीतर कोवळी पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. मिनिआपोलिसला सोमाली लोकांची देशातली सगळ्यात मोठी वस्ती आहे, त्यांचे खाटीक हा प्रश्न विचारल्यावर दचकत नाहीत. त्यांच्याकडं ‘हिलिब आरी’ म्हणा, बोकडाचं मटण. भात आणि केळ्याबरोबर खातात. केळ्याचं ऐकून नाक मुरडू नका, एकदा खाऊन बघा.

दुसरं कारण चरबी. फ्रीझरमध्ये वर्षभर पडलेल्या पाकिटातली चरबी खवट होते, आणि लोक त्यालाच बोकडाचा वास म्हणतात. वरचा पातळ पापुद्रा आणि सुटी चरबी सुरीनं काढून टाका.

आणि दह्यात ठेवू नका हो. कोल्हापूरकर असून? हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून तासभर ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, त्यावर मटण, आणि मोठ्या आचेवर परता. मटणाला पाणी सुटेल, ते आटू द्या. उग्रपणा असेल तर त्या वाफेबरोबर निम्मा निघून जातो, म्हणून खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तो पडद्यांत जाऊन बसेल. मग वर ताट, ताटात पाणी, आणि तेच गरम झालेलं पाणी आत. गार पाणी घातलंत तर मटण दडदडीत होतं, हे तुमच्या आईनं सांगितलंच असेल.

विजेच्या कुकरला परतण्याचं बटण असतं, हे सगळं त्यातच होतं. कोवळं, ताजं असेल तर दाबाखाली पंचवीस मिनिटं. ऑस्ट्रेलियाचं फ्रोझन असेल तर चाळीस. नंतर वाफ आपोआप उतरू द्या. घाईनं झडप उघडली की मांस आवळतं. निबर निघालंच तर कच्च्या पपईचा बोटभर तुकडा वाटून लावा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, बाहेरून पिठूळ होतं.

*

प्रश्न : आमची कुलदेवी वाडे बोल्हाई. घरात शेळी-बोकड चालत नाही, फक्त मेंढी. इकडं देशी दुकानात पाटीवर नुसतं ‘मटन’ असतं. आत काय आहे ते ओळखायचं कसं?
— एक बोल्हाईकर, कॅलिफोर्निया

उत्तर : घ्या! सगळं सदर बोकडासाठी रडतंय आणि हे घर एकटं सुखात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पुण्याजवळ हवेली तालुक्यात वाडे बोल्हाईचं ठाणं आहे. देवीचे भक्त शेळी खात नाहीत, मेंढी खातात. म्हणून पुण्याकडं काही दुकानांवर ‘बोल्हाईचं मटण’ अशी वेगळी पाटी असते. जगात कुठंही जा, तुमचं कुळाचार सांभाळून मटण मिळेल.

अमेरिकन दुकानातल्या पाकिटावर ‘लॅम्ब’ किंवा ‘मटन’ असेल तर ते मेंढीचं, बोकडाच्या पाकिटावर ‘गोट’ असंच लिहिलेलं असतं. देशी दुकानाच्या पाटीवर विसंबू नका, तिथं ‘मटन’ म्हणजे दोन्हीपैकी काहीही. ‘शीप का गोट’ असं तोंडानं विचारा. टांगलेलं धड दिसत असेल तर पाठ बघा. मेंढीच्या पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या चरबीचा जाड थर असतो. बोकडाची पाठ जवळजवळ उघडी, त्याची चरबी आत मूत्रपिंडाभोवती. शिजल्यावर तर शंकाच राहत नाही. मेंढीची चरबी थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते.

तुम्हाला एक सांगते. लॅम्ब घेऊ नका, ‘मटन’ किंवा वर्ष उलटलेली मेंढी मागा. लॅम्ब फार मऊ आणि तुपकट, आपल्या तिखटापुढं टिकत नाही. बाकीच्यांनाही हेच : बोकड मिळालंच नाही तर लॅम्बचा खिमा करा, बिर्याणीही चालेल. पण पांढरा रस्सा करू नका. नारळाच्या दुधात ती चरबी लपत नाही.

*

प्रश्न : इथं शार्लटला आम्ही पाच मराठी कुटुंबं आहोत. आखाडात एका शेतकऱ्याकडून जिवंत बोकड घेऊन वाटे घालायचा बेत आहे. एकाचं गॅरेज मोठं आहे. कायद्यानं चालतं का?
— आखाड मंडळ

उत्तर : गॅरेजचा बेत पहिल्यांदा डोक्यातून काढा. नगरपालिकेचे नियम, शेजारी, सांडपाणी, आणि तुमच्यापैकी कुणी कधी बोकड सोललाय का? पत्रावरून वाटत नाही.

बेत मात्र उत्तम आहे, आणि वाट लावून दिली तर सोपा आहे. इथं मांसाच्या तपासणीचा कायदा १९०६ पासूनचा. विकायचं मांस सरकारी तपासणीखालच्या कत्तलखान्यातूनच यावं लागतं. पण स्वतःचं जनावर स्वतःच्या घरासाठी कापून घ्यायला सवलत आहे. छोटे कत्तलखाने ते काम करतात आणि पाकिटावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारतात. ते मांस तुम्ही, तुमचं घर आणि फुकट जेवणारे पाहुणे, एवढ्यांनीच खायचं. म्हणून एकानं बोकड घेऊन नंतर बाकीच्यांना पाउंडावर विकलं, असं होता कामा नये. बोकड जिवंत असतानाच पाचांनी मिळून घ्या, पावतीवर पाचांची नावं घाला. याहून निर्धास्त व्हायचं असेल तर सरकारी तपासणीचा माणूस हजर असतो तिथंच न्या, चार पैसे जास्त जातील. शेतकऱ्यालाच विचारा, तो आपली जनावरं कुठं पाठवतो ते त्याला माहीत असतं. अशा ठिकाणी पुष्कळदा हलाल होतं. धार्मिक पद्धतीला १९५८ च्या कायद्यानं मुभा आहे. तुमच्या घरी चालत असेल तर प्रश्न नाही, चालत नसेल तर वार ठरवतानाच सांगा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

हिशोब असा. सत्तर पाउंडांच्या जिवंत बोकडाचं धड निम्म्याच्या थोडं खाली, तेहतीस-चौतीस पाउंड भरतं. पाच वाटे म्हणजे एकेकाला साडेसहा पाउंड, तीन किलो. यात हाडं आली. लोक जिवंत वजन ऐकून मोठी पातेली काढून बसतात आणि मग शेतकऱ्यानं फसवलं म्हणतात.

माझ्या घराजवळ, पेनसिल्व्हेनियात, न्यू हॉलंडला सोमवारी शेळ्या-मेंढ्यांचा लिलाव भरतो. पूर्वेकडच्या शहरांतलं पुष्कळसं मटण तिथून जातं. बोकडं वजनावर नाही, नगावर जातात, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा डोळ्यानं अंदाज. काळ्या टोपीतले, जुन्या वळणाच्या आमिश पंथाचे शेतकरी कठड्याला टेकून उभे, न्यूयॉर्क-न्यूजर्सीचे खाटीक पुढच्या ओळीत, आणि लिलाववाला एका श्वासात काय बोलतो ते बापजन्मी कळत नाही. नवख्यानं तिथं बोली लावू नये. पण जाणकारांचा हात कुठं जातो ते बघावं. ते बोकडाच्या डोक्याकडं बघत नाहीत, पाठीच्या कण्यावर आणि कमरेवर पंजा ठेवून दाबतात. कणा टोचला नाही, दोन्ही बाजूंना मांस लागलं, की बोकड भरलेला. शेतकऱ्याकडं गेलात की तुम्हीही तेच करा. आणि दात बघा. पुढचे सगळे दुधाचे, बारीक असतील तर वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे आले असतील तर वर्ष उलटलं.

वाटे घालताना भांडणं होतात ती कलेजीवरून. आमच्याकडं, कराडच्या बाजूला, पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे. प्रत्येक वाट्यात मांडी, सीना, मान, कलेजी, चरबी थोडी थोडी. मग एक पोरगं पाठमोरं बसवायचं. वाट्यावर बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ विचारायचं, ते नाव घेईल त्याचा. त्यात बदल नाही. तुमच्यात तराजू आणि स्प्रेडशीट आणणारा एक तरी असेल, त्याला आधीच आवरा.

*

प्रश्न : काकू, मी श्टुटगार्टला शिकतो. तुर्की खाटकाकडं सगळं लॅम्ब. आई दिवाळीत येणार आहे. तिनं मटणाचं लोणचं आणि शिजवून गोठवलेलं सुकं आणलं तर चालेल का?

उत्तर : नाही रे बाबा. युरोपियन संघाबाहेरून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. शिजवलेलं, वाळवलेलं, लोणचं, काहीच नाही. विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होतो. अमेरिकेतल्या वाचकांनीही हे वाचावं. आपल्याकडं जनावरांना लाळ-खुरकूत होतो, तो रोग इथं येऊ नये म्हणून हे आहे. आईला कांदा-लसूण मसाला आणायला सांग, तो कुणी अडवत नाही.

बोकड तुला मिळेल, पण वसंतात. जर्मनीत शेळ्या पाळतात त्या चीजसाठी. दूध हवं तर शेळी व्यायला हवी. झालेल्या करडांतले निम्मे नर, आणि त्या नरांचं त्या शेतकऱ्याला ओझंच. ते ईस्टरच्या सुमारास विकतात. शेळीचं चीज करणारं शेत शोध, तुझ्या भागात श्वाबिश आल्बच्या डोंगराकडं विचार. फेब्रुवारीतच ईमेल टाक आणि ‘त्सिकलाइन’ माग. धड लहान, सात-आठ किलोंच्या आत, मांस फिकट. कुकरमध्ये बारा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवलंस तर हाडं आणि रस्सा वेगळे शोधावे लागतील.

दिवाळीसाठी मात्र आफ्रिकन दुकान गाठ. पश्चिम आफ्रिकेच्या लोकांना बोकड कातडीसकट भाजलेला आवडतो, त्यामुळं फ्रीझरमध्ये तो तसा मिळतो. शहरातल्या माणसाला विचित्र वाटेल. गावाकडं मुंडी आणि पाय जाळावर भाजून खरवडलेले ज्यानं खाल्लेत त्याला ती चव लगेच ओळखू येईल. आईला विचार, ती खूश होईल.

*

प्रश्न : वजडी, मुंडी, पाय, रक्ती, फुप्फुस... यातलं अमेरिकेत काय मिळतं?
— वजडीवेडा, न्यूजर्सी

उत्तर : फुप्फुस विसरा. १९७१ पासून माणसांच्या खाण्यासाठी विकायलाच बंदी आहे, कुठल्याही जनावराचं. रक्तीही सहसा हाती लागत नाही. कलेजी, गुर्दे, हृदय मिळतं, पण एका बोकडाची कलेजी ती केवढी. ज्या दिवशी माल येतो त्या दिवशी सकाळी फोन करून सांगून ठेवलं नाही तर दुसरा कुणीतरी नेतो.

वजडीच्या बाबतीत जपा. मेक्सिकन दुकानाच्या फ्रीझरमध्ये पांढरीशुभ्र, जाळीदार वजडी दिसेल. ती मेनुडो नावाच्या त्यांच्या वजडीच्या रश्श्यासाठी असते आणि गाईची असते. घरात चालत नसेल तर पाकिटावरचं नीट वाचल्याशिवाय उचलू नका. बोकडाची हवी तर हलाल खाटकाला आधी सांगून ठेवावी लागते, आणि ती साफ न करताच मिळते. चुन्याच्या पाण्याची, गरम पाण्याची आणि खरवडण्याची तयारी ठेवा. न्यूजर्सीत जिवंत कोंबड्या-बोकडांची दुकानं आहेत, तिथं जास्त आशा आहे. पाय भाजून देतात, मुंडी मधोमध चिरून देतात. करवतीवर चिरताना भेज्याचा लगदा होतो, म्हणून भेजा हवा असेल तर आधी सांगा, सुरीनं कवटी उघडून अख्खा काढून देतील.